मोरपंखीचे सोनेरी शेंडे

१२ जानेवारी, रविवार. सकाळ.

सुसंस्कृत समाजात कात्रीला तेल घालण्याची पद्धत असते. आमच्या शेजारी तो समाज नाही. दर रविवारी मी सदर लिहायला बसलो रे बसलो, की कुंपणापलीकडून सुरू: कर्र-खट्, कर्र-खट्. एखादं वाक्य उभं राहू लागलं की कर्र. क्रियापद शोधावं तर खट्. राज्यं बुडतात त्यांच्यावर लोक ग्रंथ लिहितात. तेल न घातलेल्या कात्रीने किती साहित्य गर्भातच मारलं याची नोंद कोणी ठेवत नाही. म्हणून ही रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही. सत्य कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून.

कात्री चालवणारा इसम म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ. व्यवसाय: चष्म्याचं दुकान. वडिलांच्या जागेचे दोन भाग झाले तेव्हा मध्ये भिंत घालायचं चाललं होतं. भिंत असंस्कृत दिसते असं मी म्हटलं, मग मोरपंखी लावली. आता ती माणसापेक्षा उंच आणि गच्च झाली आहे. पलीकडचं काही दिसत नाही. नियम असा की त्याची बाजू त्याने कापायची, माझी मी. माथा कोणाच्याच वाट्याला आला नाही, त्यामुळे तो वाटेल तसा वाढतो.

गेल्या वर्षापासून आमचं बोलणं बंद आहे. कारण त्याने दिलं. सहज दुकानात गेलो, तर मला खुर्चीत बसवून समोरचा अक्षरांचा फलक वाचायला लावला. शेवटच्या तीन ओळी मी वाचल्या नाहीत, कारण त्यांना अर्थ नव्हता. सुटी सुटी अक्षरं. निरर्थक मजकूर मी वाचत नाही. त्यावर हा भर गिऱ्हाइकांत म्हणाला की दादा, नंबर खूप वाढलाय, नवा चष्मा घे. आयुष्यभर संस्कृत शिकवलं, आता सूक्ष्म निरीक्षणाचं सदर चालवतो, आणि माझ्या दृष्टीविषयी मत कोण देणार, तर काच घासणारा.

हिला म्हटलं, निषेधाचं पत्र लिहितो, तू नेऊन दे. ही म्हणाली, मध्ये काय समुद्र आहे, उठा आणि जाऊन सांगा.

संकल्प: पत्र. भारदस्त भाषेत. त्याला कळणार नाही, हाच त्याचा गुण.

१९ जानेवारी, रविवार.

पत्र संबोधनापाशी अडलं. ‘महोदय’ लिहावं तर तो त्या लायकीचा नाही. नाव लिहावं तर जवळीक दिसते.

कर्र-खट् चालूच. आज मात्र थांबत थांबत. दोनदा कापायचं, मग बराच वेळ काही नाही. दमला असेल. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचा दम तो किती असणार.

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी नऊ.

कात्री नाही. कान देऊन ऐकलं. चिमण्या, नळ, पुन्हा चिमण्या. कात्री नाही!

पत्र न पाठवताच हा परिणाम. याला लेखणीचा दरारा म्हणतात. ही सांगत आली की भाऊजींना आज... मी हात वर केला. लिहिताना बोलायचं नाही, हा घरचा नियम आहे. ती हाताकडे बघत उभी राहिली आणि गेली.

त्याच दिवशी, अकरा.

याहून मोठी बातमी. हात धुवायला मागे गेलो तर काय, माझ्या बाजूची मोरपंखी सोनेरी झाली आहे! सगळी नव्हे, शेंडे शेंडे तेवढे. हिरव्या पानावर जरीचा काठ असावा तसे. मला कारण लगेच कळलं. कपात उरलेला चहा मी रोज तिच्या मुळाशी ओततो. वनस्पतीशास्त्रज्ञांना हे कधी सुचणार नाही. ते चहा पिऊन टाकतात.

त्याच्या बाजूला सोनं असणं शक्य नाही. तिकडे संस्कार नाहीत.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

लेख छापून आला. मी मथळा दिला होता ‘सुवर्णमयूर’. संपादकांनी केला ‘आमचं कुंपण’. वयाने माझ्या निम्मे, ज्ञानाने त्याच्याही निम्मे. लेखातला व्युत्पत्तीचा परिच्छेद उडवला आणि त्या जागी गाद्यांची जाहिरात घातली.

पण दुपारी त्यांचाच फोन. त्यांच्या बायकोला लेख फार आवडला. त्यांच्या बंगल्यासमोर अशाच जातीच्या झाडांची लांबच लांब रांग आहे, तिने हौसेने वाढवलेली. तिला सोनेरी फांद्या हव्यात, रुजवायला. मी उत्तम सोनं निवडून मोठी जुडी बांधून दिली. मातीत नीट खोचा आणि बाकी झाडांच्या अगदी जवळ ठेवा म्हणजे त्यांनाही गुण लागेल, असं वर सांगितलं. या माणसाला मी काय आहे ते आता कळेल.

१६ फेब्रुवारी, रविवार.

कात्री नाही.

पलीकडून निरोप. आमची भावजय आणि ही रोज नळाजवळच्या फटीतून तासभर बोलतात. दोन घरांमधला तेवढा एकच राजमार्ग. निरोप असा की हे सोनं नाही, कीड आहे. बारीकसा पतंग असतो, त्याची अळी शेंड्याच्या आत राहते आणि आतला गर खाते. वर राहतं ते नुसतं पिवळं टरफल. शेंडा उजेडासमोर धरा, पोकळ दिसेल. पाखरं बाहेर पडायच्या आत शेंडे कापा आणि जाळून टाका. दोन्ही बाजूंचे एकदम, नाहीतर इकडची तिकडे जातात.

हे भाऊसाहेबांनी भिंगातून पाहिलं म्हणे.

मत्सर इतक्या तपशिलात शिरलेला मी प्रथमच पाहिला. तरी न्यायबुद्धी म्हणून एक शेंडा खिडकीशी धरला. अळी नाही. पोकळी नाही. एक पिवळट धुकं होतं, ते सोन्याचं तेज. जवळ धरला, लांब धरला, हात पूर्ण लांब करून धरला. नाही म्हणजे नाही.

ही म्हणाली, अहो, निरोपाचं राहू द्या, दुसरं महत्त्वाचं सांगायचंय. म्हटलं, त्याच्याकडून आलेलं असेल तर नको. म्हणाली, त्यांच्याकडून नाही, त्यांच्याबद्दल. म्हटलं, ते तर मुळीच नको.

९ मार्च, रविवार.

सोनं परिपक्व होतं आहे. आता त्याला तांबूस झाक आली आहे. तांब्याची म्हणावी अशी. ही तिला वाळकं म्हणते. रंगांची नावं संस्कृतात किती आहेत आणि हिच्याकडे किती, हा प्रश्न मी सोडून दिला.

चहा वाढवला. आता मुद्दाम अर्धा कप उरवतो.

कात्री आजही नाही. विजय एवढा मोठा होईल असं वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर रविवारची सकाळ फार लांबते. सदराला अजून विषय सुचला नाही. शांतता जास्त झाली की विचारांना टेकायला काही राहत नाही.

सकाळी फाटकातून पाहिलं, त्यांच्या दारात मोटार. या आठवड्यात पुन्हा. नवराबायको फिरायला जातात. मागच्या सीटवर उशी ठेवलेली. चैन बघा! कुंपण कापायला हात उचलत नाही आणि हिंडायला मात्र उशी.

६ एप्रिल, रविवार.

शेंडे वाळले आहेत. हे मी स्वतः शोधून काढलं. कोणाच्या निरोपावरून नव्हे. हात लावला की भुगा होतो. कारणही स्वतःच शोधलं: पलीकडची हेळसांड. फाटकाशी जाऊन वाकून त्याची बाजू पाहिली. काय अवस्था! वाढलेली, विस्कटलेली, तांबारलेली, आठवड्याची दाढी राखलेल्या माणसासारखी. तिकडची मरगळ इकडे झिरपली, दुसरं काय. मी इकडे चहा ओतत बसलो आणि तो तिकडे हात बांधून.

हिला तसं म्हटलं. वाटलं होतं वाद घालील. घातला नाही. म्हणाली, तुम्हाला सांगायचं मी सोडून दिलंय. आणि डबा घेऊन पलीकडे गेली. हल्ली रोज डबा घेऊन जाते. माझं ताट झाकून ठेवलेलं असतं. मी थंड जेवतो. कुंपणापायी माणसाला काय काय सोसावं लागतं.

२० एप्रिल, रविवार. दुपार.

आज कृती. नुसतं लिहिणाऱ्यांतला मी नाही.

माझ्या बाजूचे वाळके शेंडे सगळे कापले. त्याने सांगितलं म्हणून नाही; त्याने सांगितलं होतं कीड आहे म्हणून कापा, मी कापले ते शोभेसाठी. कापणी दिसायला सारखी असली तरी हेतू वेगळा. माझ्या कात्रीला तेल आहे. आवाज झाला नाही. कोणाला कळलंसुद्धा नाही. हे जरा लागलं.

ही म्हणाली, आता ते जाळून टाका. जाळायचे कशाला? पुरावा आहे तो. एक पोतं भरलं आणि अभ्यासिकेत टेबलाखाली ठेवलं. नात्यातली चार वडील मंडळी बोलावून, ते पोतं मध्ये ओतून, एका माणसाच्या आळसाने दुसऱ्याच्या वैभवाची काय दशा होते ते दाखवणार. भाषणाची सुरुवात तयार आहे.

पोत्याला वास बरा येतो. लिहिताना पाय त्यावर टेकवता येतात.

४ मे, रविवार. सकाळ.

चमत्कार की काय कळेना. मुद्रितं तपासत होतो. तिसऱ्या ओळीतला पूर्णविराम चालू लागला. चौथ्यातला उडाला. मुद्रणाच्या चुका मी पुष्कळ पाहिल्या, पण अशी नाही.

ही आली, डोकावली आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. पतंग. तांदळाच्या कणीएवढे, मळकट पांढरे, पंखांवर राखी पट्टे. (पट्टे हिला दिसले. मी तिच्या शब्दावर लिहितो आहे.) पोत्यातून निघताहेत. टेबलावर, भिंतीवर, शब्दकोशाच्या पाठीवर. म्हणाली, भाऊजींनी सांगितलंच होतं.

आता यांच्या बसण्याची रीत नोंदवतो. इतर पाखरं बसतात तसे हे बसत नाहीत. डोकं खाली टेकतात आणि मागचा भाग वर उचलून तिरके उभे राहतात. सगळेच्या सगळे. माझ्या लेखावर, माझ्या खोलीत, माझ्याच दिशेला पार्श्वभाग उंचावून. निसर्गाने एवढा उद्धटपणा एवढ्या लहान जागेत कसा बसवला याचं नवल वाटतं. मी त्यांना ‘ऊर्ध्वपुच्छ’ असं नाव दिलं. शास्त्रात यांना काय म्हणतात ते मला नको. जो प्राणी आयुष्यभर एका शेंड्यात लपून खातो आणि बाहेर आल्यावर जगाला हे दाखवतो, त्याला यापेक्षा मोठं नाव देणं म्हणजे भाषेचा अपव्यय.

खिडक्या उघडल्या, टॉवेलने हाकलले. गेले. कुठे? कुंपणावर. आपल्या घरी.

पुराव्याचं पोतं आता रिकामं आहे. म्हणजे शेंडे आहेत, पुरावा उडाला.

१० मे, शनिवार.

संपादकांचा फोन. त्यांच्या बायकोची रांग अर्धी तांबडी झाली आहे. माळी म्हणतो, जुडी वाळू लागली तशा तिच्यातल्या अळ्या शेजारच्या शेंड्यांत शिरल्या. माळ्याने जुडी उपटून फेकली आणि माझ्याविषयी काही शब्द वापरले, ते संपादकांनी मला ऐकवले. गरज नव्हती. फांद्या हव्यात, फांद्या हव्यात, म्हणून मागे कोण लागलं होतं? सदराला सध्या विश्रांती देऊ या, असं म्हणाले. ‘सध्या’ हा शब्द ते दोनदा म्हणाले.

विश्रांतीची मला गरज होतीच. एक मोठा ग्रंथ डोक्यात आहे.

१८ मे, रविवार.

आज हिने दार लावून घेतलं, समोर बसली आणि हात वर करायच्या आधी माझा हातच धरला. म्हणाली, आज ऐकायचंच. भाऊजींच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली फेब्रुवारीत. गाठ होती, वाईट. तेव्हापासून औषधं चढवायला नेतात, त्याचीच ती मोटार. अंगात त्राण नाही, बसायला उशी लागते, केस गेले. तुम्हाला पहिल्या दिवसापासून सांगतेय.

मी ऐकलं.

मग मी तिला ऊर्ध्वपुच्छाविषयी सांगितलं. या पतंगाचं एक वैशिष्ट्य असं की तो फार दूर उडत नाही; जिथे वाढला त्याच झाडावर अंडी घालतो. दुसरं वैशिष्ट्य असं की

ही उठून गेली.

दुसरं वैशिष्ट्य मला माहीत नव्हतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

संकल्प: उद्या पलीकडे जायचं. काय बोलायचं ते आधी लिहून ठेवावं.

१९ मे, सोमवार.

संबोधनापाशी अडलं.

२५ मे, रविवार.

गेलो नाही. चारचौघांसारखं फळं घेऊन जाणं मला जमत नाही. शिवाय त्याला विश्रांती हवी. शिवाय ऊन फार. माणूस आजारी असला म्हणजे त्याचं सगळं बरोबर ठरतं असं नाही; फलकाच्या बाबतीत माझं मत कायम आहे.

सकाळी नऊ ते अकरा मागे खुर्ची टाकून बसलो. कात्री नाही. माझ्या लक्षात आलं की मी तिचीच वाट बघत होतो. हे लिहून खोडणार होतो. राहू दे.

१ जून, रविवार. सकाळ.

कुंपण दोन्हीकडून इतकं विरळ झालं आहे की आता त्याला कुंपण म्हणणं हा निव्वळ शिष्टाचार. आतल्या काड्या दिसतात आणि काड्यांमधून पलीकडचं अंगण.

अंगणात खुर्चीवर कोणीतरी बसलं होतं. मला वाटलं, भावजयीचे वडील असतील. म्हातारे, बारीक, उन्हाळ्यात लोकरीची टोपी. मांडीवर ती कात्री. तिचे दांडे दोन्ही हातांनी धरले, उघडले, कर्र झालं. खट् झालं नाही. मिटायचं बळ नसावं. कात्री तशीच उघडी मांडीवर ठेवली.

तेव्हा कळलं, कोण ते.

मी मागे सरायच्या आत त्याची नजर आली. त्याची नजर पहिल्यापासून चांगली. म्हणाला, दादा, एवढ्या लांबून दिसतो का मी?

मी म्हटलं, स्वच्छ दिसतोस.

तो हसला. माझं खोटं त्याला कधीही ओळखता येतं, व्यवसायच तो. मग म्हणाला की ऐकलं, पोतं घरात ठेवलं होतंस. म्हटलं, पुरावा होता. त्यावर तो इतका हसला की पोट धरून वाकला आणि आतून भावजय धावत आली आणि माझ्याकडे अशी पाहू लागली की जणू हे पाप पहिल्या दिवसापासून मीच करतो आहे.

८ जून, रविवार. सकाळ.

भावजय काल संध्याकाळी एक चष्मा देऊन गेली. गेल्या वर्षी फलकाचा प्रकार झाला त्याच आठवड्यात त्याने माझ्या नंबराचा करून ठेवला होता. वर्षभर दुकानाच्या खणात होता. काड्या माझ्या कानांच्या मापाने वाकवलेल्या. लहानपणी आम्ही एका बिछान्यात झोपायचो, कानांचं माप त्याला पाठ असणारच.

घातला. एक वाळका शेंडा उजेडासमोर धरला. पोकळ आहे. खालच्या टोकाला सुईच्या टोकाएवढं भोक आहे. आत चाटून पुसून साफ. तो सांगत होता तसं.

मग तो चष्मा घालून पलीकडे गेलो आणि त्याच्याकडे पाहिलं. एवढं स्पष्ट दिसायला नको होतं.

त्याची बाजू मी कापली. त्याच्याच कात्रीने. तो खुर्चीवरून सूचना देत होता. इकडचं राहिलं, तिकडचं वाकडं, दादा तुला सरळ रेघ कधी आली आहे. मी म्हटलं, ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाला ही कामं सांगू नयेत. म्हणाला, कुठला ग्रंथ? मी तो विषय वाढवला नाही. कात्री मात्र काय ओरडते! कर्र-खट्, कर्र-खट्. भावजय तेलाची बुधली घेऊन आली. मी तिला परत पाठवलं.

या वेळचे शेंडे जाळले. उशीर झाला आहे, हे त्यानेच सांगितलं. पाखरांनी अंडी घालून झाली. अळ्या आता आत शिरतील आणि वर्षअखेरपर्यंत काही दिसणार नाही. कुंपण हिरवंगार वाटेल. जानेवारीत शेंडे सोनेरी झाले की समजायचं. तेव्हा दोघांनी दोन्ही बाजूंनी एकाच दिवशी कापायचं, तरच उपयोग. तू इकडून, मी तिकडून, असं म्हणाला आणि डोळे मिटून घेतले.

मंगळवारी त्याला पुन्हा न्यायचं आहे. या खेपेला मोटारीत पुढे मी बसणार आहे. डॉक्टर यापुढचं काही नक्की सांगत नाहीत, असं ही म्हणाली. मी पूर्ण ऐकून घेतलं.

सदर गेलं त्याचं मला काही नाही. संपादकांच्या बायकोची झाडं गेली त्याचंही नाही. कुंपण राहिलं काय, गेलं काय. धाकटा जानेवारीपर्यंत असेल ना, याची मला काळजी वाटते.